पार्सल आलं, पोर नाही आली

डिसेंबर म्हणजे सेल, सीक्रेट सँटा आणि पार्टी... पण नाताळचा खरा फंडा 'आत्ताच्या आत्ता' हा नाहीच, तो आहे 'जरा वाट बघ!' वसईतल्या एका घरात हे कळलं, त्याची ही गोष्ट. आणि सोबत यंदा तुम्हालाही जमतील अशा काही आयडिया.

डिसेंबर उजाडला की ऑफिसांना काय होतं कोण जाणे! कॅफेटेरियात प्लॅस्टिकचं झाड उगवतं, रिसेप्शनवर कापसाचा बर्फ पडतो (बाहेर घामाच्या धारा!) आणि एचआरची मेल येते, 'सीक्रेट सँटा, बजेट पाचशे रुपये.' चिठ्ठी उघडावी तर अकाउंट्समधल्या त्या गृहस्थांचं नाव, ज्यांच्याशी आपण वर्षभरात 'रीइम्बर्समेंट कधी?' यापलीकडे एक शब्द बोललेलो नसतो. त्यांना काय द्यायचं? कॉफी मग. आपल्याला काय मिळतं? कॉफी मग! जानेवारीत पँट्रीत मगांची रांग लागते, ती पुढच्या डिसेंबरपर्यंत.

मीही या सगळ्यात हौसेने असायचे. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा सीक्रेट सँटा सुटला, पण प्लम केक, मॉलमधल्या झाडासमोरचा फोटो आणि 'फ्लॅट फिफ्टी'चा सेल काही सुटला नाही. घरी गणपती बसवणाऱ्या आणि तरीही 'मेरी ख्रिसमस' म्हणायला सगळ्यांत पुढे असणाऱ्या आमच्यासारख्या पब्लिकसाठी ख्रिसमस म्हणजे एवढंच. तो बदलला एका एअर फ्रायरमुळे.

एअर फ्रायरची गोष्ट

मास कॉमला असताना माझी रूममेट वसईची होती. कॅथलिक, पक्की मराठी. फोनवर घरच्यांशी कादोडी बोलीत सुरू झाली की आम्हाला निम्मंच कळायचं. शिक्षण संपलं आणि तिला बंगळुरूला एका ऑनलाइन शॉपिंग कंपनीत मार्केटिंगची नोकरी लागली. पॅकेज सॉलिड! काम काय? तुमच्याआमच्या मोबाइलवर टिंग करून येतात ना, ती नोटिफिकेशनं लिहायची.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये तिच्या अख्ख्या टीमच्या रजा रद्द झाल्या. कारण? ख्रिसमस सेल. म्हणजे ख्रिसमस आहे म्हणून ख्रिसमसला घरी जायचं नाही! त्या आठवड्यात तिने एक नोटिफिकेशन लिहिलं होतं. घरी जाता येत नाहीये? गिफ्ट पाठवा, चोवीसच्या रात्रीपर्यंत पोहोचवतो, अशा अर्थाचं. "आणि माहितीये, ते माझ्याही फोनवर आलं," ती मला नंतर म्हणाली. "मीच लिहिलेलं. आणि मी क्लिक केलं."

एअर फ्रायर. सहा हप्त्यांत.

चोवीस तारखेला रात्री वसईच्या घरी बेल वाजली. आईने दार उघडलं तर डिलिव्हरी बॉय. विशी-बाविशीचा पोरगा, हेल्मेट काढायलाही सवड नाही, 'ओटीपी बोला काकी.' ओटीपी गेला होता बंगळुरूला, मुलीच्या फोनवर. ती मीटिंगमध्ये. फोन उचलीना. पोरगा पंधरा मिनिटं दारात ताटकळला. शेवटी आईने त्याला आत बसवलं, ताटलीत कुलकुल आणि नेवऱ्या दिल्या. त्याने दोन तोंडात टाकल्या, उरलेल्या कागदात बांधून घेतल्या. ओटीपी आला, पोरगा गेला.

मग मिस्सेहून परतल्यावर बाबांनी व्हिडिओ कॉल लावला. घरातल्या गोठ्यात बाळ येशू ठेवायचं काम दर वर्षी घरातल्या धाकटीचं, म्हणजे हिचं. त्या वर्षी आजीने ठेवलं. बाबा फोन गोठ्यासमोर धरून उभे. इकडे ही दुसऱ्या स्क्रीनवर ऑर्डरींचे आकडे बघत म्यूटवर. "मला फक्त बाबांचा अंगठा दिसत होता," ती सांगते. "आणि आईचा आवाज येत होता. पार्सल आलं गं बाई, पोर नाही आली."

आई चिडून नव्हती बोलली. हसत हसतच बोलली. तेच हिला जास्त लागलं.

हे दुखणं जुनंच!

तुम्ही म्हणाल, हे सगळं ॲप आल्यापासूनचं. नाही हं! 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांनी १८५० मध्येच एक गोष्ट लिहिली होती. सगळ्यांकडे सगळं असताना ख्रिसमसला कुणाला काय द्यायचं, हा त्यातला प्रश्न! पावणेदोनशे वर्षं झाली, प्रश्न जसाच्या तसा.

आणि सीक्रेट सँटाला वैतागलेल्यांसाठी तर खास बातमी आहे. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चक्क एक सोसायटी निघाली होती, 'निरुपयोगी भेटी रोखणारी सोसायटी'. एलिनॉर बेलमाँट आणि ॲन मॉर्गन या दोघींनी ती काढली. दुकानांत तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या मुलींना ख्रिसमसला साहेबासाठी गिफ्ट घ्यायला वर्गणी काढावी लागायची. मनात असो-नसो, द्यायचीच! त्या सक्तीविरुद्ध या मुली एकत्र आल्या. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही सभासद झाले. त्यांचं भेटींशी भांडण नव्हतंच. मनातून न आलेली भेट ही भेट नव्हे, वर्गणी आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

एमबीएवाल्यांसाठी आकडेही आहेत. जोएल वॉल्डफोगल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या भेटवस्तू तुम्ही स्वतः घेतल्या असत्या तर किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्याने हिशेब मांडला. भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून ते एक तृतीयांशापर्यंतचा भाग निव्वळ पाण्यात जातो! देणाऱ्याचे पैसे गेले, घेणाऱ्याला तेवढं सुख मिळालं नाही. यातली गंमत म्हणजे, मित्र किंवा जोडीदाराने दिलेल्या भेटीत नुकसान कमी, लांबच्या नातेवाइकांच्या भेटीत जास्त. जो आपल्याला ओळखतो, त्याची भेट वाया जात नाही. सिंपल!

वसईतला तो एअर फ्रायर? माळ्यावर. "कुलकुल त्यात फुलत नाहीत," आईचा निकाल.

आधी वाट, मग थाट

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, मैत्रिणीने जानेवारीपासून एकेक रजा राखून ठेवली आणि १६ डिसेंबरला वसई गाठली. मलाही बोलावलं. रविवारी सकाळी विरार लोकल पकडून मी पोहोचले. म्हटलं, आता झाड, लायटिंग, झगमगाट बघायला मिळणार. बघते तर काय, घरात तसं काहीच नाही! टेबलावर हिरव्या पानांचं एक गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी.

"अगं, अजून नाताळ कुठे आलाय? आगमनकाळ चालू आहे," मैत्रीण म्हणाली.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. इंग्रजीत ॲडव्हेंट. कॅथलिक चर्चचं नवं वर्ष इथूनच सुरू होतं. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. फादरांचा झगा जांभळा, तयारीचा आणि पश्चात्तापाचा रंग. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी, कारण आता फार वेळ उरला नाही, आनंद करा! मी गेले तो नेमका तिसरा रविवार होता. मिस्सेत नेहमी म्हणतात ते 'ग्लोरिया' हे स्तोत्रही या चार आठवड्यांत गात नाहीत. ते राखून ठेवतात ख्रिस्तजन्माच्या रात्रीसाठी.

म्हणजे बघा, मॉलमध्ये 'जिंगल बेल्स' नोव्हेंबरातच सुरू होतं आणि २६ तारखेला झाड उतरवून तिथे 'एंड ऑफ सीझन'चा बोर्ड लागतो. चर्चचं बरोबर उलटं. २४ च्या रात्रीपर्यंत वाट बघायची आणि मग नाताळ सुरू होतो, तो थेट जानेवारीपर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोरसारख्या गावांत ६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो, तोवर नाताळ ताजाच असतो. आपण मात्र लग्नाचं जेवण आदल्या दिवशी जेवून घेतो आणि अक्षता पडायच्या वेळी झोपा काढतो!

खिडकीत पाच-सहा छोटी मडकी ठेवली होती, त्यात हिरवे कोंब नुकते डोकावत होते. "नाचणी," मैत्रीण म्हणाली. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं. २४ पर्यंत बोटभर गवत होतं, ते गोठ्यात मांडायचं. मला एकदम घरची घटस्थापना आठवली. तेच मातीचं भांडं, तीच रोजची उत्सुकता, आज किती वाढलं? आणि मनात आलं, दहा मिनिटांत किराणा घरी आणणाऱ्या ॲपवर सगळं मिळेल, पण दहा दिवसांची उगवलेली नाचणी नाही मिळणार. ती आपण दहा दिवस आधीपासून लक्षात ठेवलेली असावी लागते.

दुपारी कुलकुल. मैदा, अंडं, नारळाचं दूध. पिठाची गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि वळवायची, की शंखासारखी नक्षी उठते. आजी, आई, काकू, चुलत भावंडं, सगळी एका चटईवर. आधी सगळ्यांचे फोन बाजूला, कारण हात पिठाचे. ऑफिसच्या कुठल्याही टीम बिल्डिंगमध्ये मी इतकं हसले नाहीये. माझ्या कुलकुलांना आजीने 'अळ्या' म्हटलं, तरी डब्यात भरले. यातले निम्मे डबे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणार होते. एक डबा आईने वेगळा काढला. "रात्री कुणी दारात आलं तर," म्हणाली. मागच्या वर्षीचा तो पोरगा तिच्या अजून डोक्यात होता.

नाइट शिफ्टवाल्यांचा सण

नाताळची मूळ गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते, पण झगमगाटात तिचा पत्ताच लागत नाही. एक गरीब जोडपं. बाईचे दिवस भरलेले. गावात गर्दी, धर्मशाळेत जागा नाही. शेवटी बाळाला ठेवायला मिळते ती गुरांची गव्हाण. आणि ही बातमी सगळ्यांत आधी कळते कुणाला? राजाला नाही, पुरोहितांना नाही. रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या धनगरांना. आजच्या भाषेत, नाइट शिफ्टवाल्यांना!

गोठा मांडायच्या प्रथेमागेही हेच आहे. १२२३ मध्ये इटलीत ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी खराखुरा बैल, खरं गाढव आणि गवत भरलेली गव्हाण मांडून ख्रिस्तजन्म साजरा केला. देव किती साध्या जागी आला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. मी वसईला गेले त्या २०२३ साली याला बरोबर आठशे वर्षं झाली.

सँटाचंही तसंच. मूळचे संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. आख्यायिका अशी, की एका गरीब बापाला तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी करता येत नव्हती. निकोलस रात्री गुपचूप त्याच्या घरात मोहरांची थैली टाकून आले. ती खरी सीक्रेट सँटागिरी! ज्याला गरज आहे त्याला द्यायचं आणि नाव सांगायचं नाही. लाल कोटातला गोबरा सँटा घरोघरी पोहोचवला तो एकोणिसाव्या शतकातल्या व्यंगचित्रांनी आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी.

आणि कुणी म्हणालं की नाताळ आपल्याकडे मॉलमधून आला, तर त्याला सांगा, 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत रुळला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! ते छापून निघालं १६१६ मध्ये. बेथलेहेमची गोष्ट मराठीत येऊन चारशे वर्षं उलटली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर मराठीत भक्तीची पदं रचून ती घराघरांत नेली. तेव्हा ना झाड होतं ना सेल.

करून बघा!

हे सगळं वाचून 'आता काय खरेदीच बंद करायची का?' असं वाटलं असेल तर थांबा. कुणी संन्यास घ्या म्हणत नाहीये. नवे कपडे, केक, भेटी, सगळं हवंच. फक्त त्यांची जागा ठरवायला हवी.

* आकडा आधी ठरवा. अमेरिकेत लेखक बिल मॅकिबन आणि त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी घरटी शंभर डॉलरचा ख्रिसमस अशी मोहीम काढली. १९९८ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आपण आपला आकडा ठरवू. एकच अट, हप्त्यांवर काही घ्यायचं नाही.

* आधी माणूस, मग वस्तू. कार्ट उघडण्याआधी कागदावर नावं लिहा. नावापुढे एक ओळ, 'याला सध्या काय हवंय?' पुष्कळदा उत्तर वस्तू नसतंच. 'दोन तास मूल सांभाळणारं कुणीतरी' असंही असतं.

* सीक्रेट सँटाचा पत्ता बदला. पाचशे रुपयांचा मग एकमेकांना देण्यापेक्षा सगळ्यांचे पैसे एकत्र करा आणि हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीनवाल्यांना काय हवं ते विचारून द्या. कलीगसाठी हाताने लिहिलेल्या चार ओळी पुरतात. पण त्या खऱ्या हव्यात!

* उलटं कॅलेंडर. ॲडव्हेंट कॅलेंडर म्हणजे रोज एक खिडकी उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं. तुम्ही खोकं घ्या आणि रोज घरातली एक चांगल्या स्थितीतली वस्तू त्यात टाका. २४ ला खोकं योग्य जागी पोहोचवा.

* काहीतरी पेरा. नाचणी, गहू, मेथी, काहीही. क्युबिकलमध्येही चालतं. रोज पाणी घालताना एक मिनिट मोबाइल खाली.

* मिस्सेला जायचंय? खुशाल जा, ख्रिस्ती नसलात तरी. मागच्या बाकावर बसा, इतर उभे राहिले की उभे राहा. पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत मात्र जाऊ नका, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असते. आणि सेल्फी बाहेर आल्यावर! वेळ आधी विचारून घ्या, कारण लाउडस्पीकरच्या दहाच्या नियमामुळे मुंबईतल्या बऱ्याच चर्चमध्ये 'मिडनाइट मास' आता रात्री लवकरच असतो.

* २६ नंतर जा. ज्या मित्राला २५ ला फॉरवर्ड पाठवता, त्याच्या घरी २८ ला जाऊन बसा. नाताळ अजून चालू असतो, गर्दी ओसरलेली असते आणि डब्यात कुलकुल शिल्लक असतात.

रिकामी गव्हाण

२४ डिसेंबरला मी पुन्हा वसईला गेले. नाचणी चांगली बोटभर वाढली होती. बाबांनी आणि चुलत भावांनी पेंढ्याचा गोठा केला होता. मारिया, योसेफ, धनगर, गुरं, सगळे आपापल्या जागी. मधली गव्हाण तेवढी रिकामी. बाळ रात्रीच ठेवायचं. त्या रिकाम्या गव्हाणीकडे येता-जाता सगळ्यांची नजर जायची. आपल्याकडे पाहुणा यायचा असला की आपण दाराकडे बघतो ना, तशी.

रात्री मिस्सेत फादरांनी ग्लोरिया सुरू केलं आणि घंटा वाजल्या. चार आठवडे राखून ठेवलेला आवाज! मी ख्रिस्ती नाही, तरी अंगावर काटा आला. शेजारी मैत्रीण रडत होती. मी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेलं बाळ काढलं आणि तिच्या हातात दिलं. सगळ्यांनी गाणं म्हटलं, आजी अर्थात बेसूर. मैत्रिणीने बाळ गव्हाणीत ठेवलं. झालं, एवढंच. दोन मिनिटांचा कार्यक्रम. पण त्या दोन मिनिटांसाठी एक पोरगी वर्षभर रजा साठवत होती आणि एक घर चार आठवडे वाट बघत होतं.

त्या वर्षी तिने घरी एकही गिफ्ट आणलं नव्हतं. बाबांनी मात्र मिश्कीलपणे विचारलंच, "यंदा पार्सल नाही का?"

"आणलंय की," आई म्हणाली. "हे काय, समोर उभं आहे. ओटीपीसुद्धा लागला नाही!"

यंदा तुमच्याही मोबाइलवर टिंग होईल. घरी जाता येत नाहीये? गिफ्ट पाठवा! क्लिक करायच्या आधी फक्त एकदा कॅलेंडर उघडा, रजा किती उरल्यात ते मोजा आणि कुठल्या घरात कोण वाट बघतंय ते आठवा. मग वाटलं तर करा क्लिक. तिकिटावर!

नाताळच्या शुभेच्छा. आणि हो, नाचणी भिजत घालायला विसरू नका.